मिलच्या मांजरीची मान

पांडुरंग धारकरांना कशाची किळस येत असे हे सांगत बसण्यापेक्षा कशाची येत नसे हे सांगणं सोपं आहे: धुतलेले तांदूळ, कापूर आणि कोरा कागद. बाकीच्या सगळ्या सृष्टीकडे ते रुमालाआडून पाहत. दुधावरची साय, चहात विरघळून तळाशी गेलेलं बिस्कीट, बसमध्ये आधीच्या माणसानं ऊब देऊन ठेवलेली सीट, लहान मुलांची नाकं, आणि पेपरचं पान उलटण्यासाठी जिभेला टेकणारी मोठ्यांची बोटं. या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे वेगळ्या पट्टीतलं 'शी' ठरलेलं होतं. सकाळी नाक्यावर पोहे खायला जाताना ते शर्टाच्या खिशात स्वतःचा चमचा घेऊन जात. पोहेवाला त्यांना लांबून पाहूनच आत ओरडे, "आ गए चम्मचवाले भिया! सेव हाथ से मत डालना रे इनको!"

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहत होतो. पंधरा वर्षांच्या शेजारात त्यांनी माझ्याकडे एकदाच पाणी प्यायलं, तेही मी पेला त्यांच्यादेखत दोनदा विसळल्यावर. तरी माणूस गोड. आपल्याला किळस आली हे समोरच्याला कळू नये म्हणून ते इतकं अवघडून हसत, की आपणच त्यांची समजूत काढावी असं वाटे.

आता हा असा माणूस कुठे चिकटला होता म्हणाल, तर कापडाच्या मिलमध्ये, स्टोअरकीपर म्हणून. मिलचं स्टोअर म्हणजे नुसते धोटे, बॉबिन आणि पट्टे नव्हेत. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ चढवतात, आणि त्या खळीत मक्याच्या स्टार्चबरोबर चरबी पडते. बकऱ्याची. तिचे डबे धारकरांच्या टेबलामागच्या भिंतीशी रचलेले. मे महिन्यात दुपार तापली, की डब्यांच्या कडांना पिवळट पाझर सुटे आणि कुणीतरी जुने मोजे तळायला घेतल्यासारखा वास सुटे. धारकर डब्यांना बोट लावत नसत. लांब काठीच्या टोकाला खडू बांधून ते दुरूनच डब्यांवर खुणा करत.

ही चरबी न्यायला खळ खात्यातला जॉबर येई, धोंडिबा इंगळे. धोंडिबाचे आजोबा आणि वडील दोघेही महूच्या छावणीत फौजेत होते. घराण्यालाच कशाचं काही वाटायची सवय नव्हती. धोंडिबा डब्यात कोपरापर्यंत हात घालून लोण्यासारखा गोळा वर काढी आणि म्हणे, "स्टोअरबाबू, वास तर घेऊन बघा. एकदम ताजी."

"धोंडिबा, तुला देवानं नाक दिलंय की नाही?"

"दिलंय ना. तुमच्यासारखं वाया नाही घालवत."

जिथे स्टार्चची पोती तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर हवीच. या मांजरीचं नाव होतं मुकादमीण. राखाडी, रुंद चेहऱ्याची. पोत्यांच्या रांगांमधून शेपटी उभी करून ती अशी फिरे, की बिडी ओढत बसलेले हमाल उगाच उठून उभे राहत. उंदीर ती पूर्ण खाई. डोकं, आतडी, केस, काळीज, सगळं. राही फक्त शेपूट. ते ती धारकरांच्या टेबलाखाली, त्यांच्या चपलेला टेकवून ठेवी. सहा वर्षं, रोज. धारकर ते चिमट्यानं उचलत, मान फिरवून बाहेर टाकत, साबणानं तीनदा हात धूत, आणि मग खुर्चीवरून वाकून तिला सांगत, "शाबास. पण उद्या आणू नकोस हं." हे मला धोंडिबानं शपथेवर सांगितलेलं आहे.

ब्याण्णवच्या सुरुवातीला मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगा. तिकडे पैसेवाल्यांच्या पलासियात नव्या कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, पेपरात रोज काहीतरी खुलं होत होतं, आणि आमच्या मोहल्ल्यात एक-एक करून सगळं मिटत होतं.

मिलचा एक रिवाज होता, तो शेवटच्या दिवसापर्यंत चालला. गेटपासाशिवाय सुताचा धागाही बाहेर जायचा नाही. सुटीच्या वेळी पहारेकरी प्रत्येकाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण उघडून पाहत. गेटपास लिहायचा हक्क स्टोअरकीपरचा. धारकरांनी आयुष्यातला शेवटचा गेटपास लिहिला तो असा: 'मांजर, मादी, नग एक, जुनी, चालू स्थितीत.' खाली सही आणि तारीख. पहारेकऱ्यानं स्टार्चचं पोतं उघडून आत पाहिलं, माल आणि कागद जुळतात याची खातरी केली, पास ठेवून घेतला आणि सलाम ठोकला. पासाची कार्बन प्रत धारकरांनी घरी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लावली.

"तीस-बत्तीस वर्षांत मिलमधून कधी रुमालाचं कापडही आणलं नाहीत," त्यांच्या पत्नी अरुंधतीवहिनी म्हणाल्या, "आणि आणलंत तर हे?"

पण ठेवून घेतली. अट एकच, घरात मांस-मच्छी येणार नाही. मुकादमिणीला दूध-पोळी मिळू लागली, वरण-भात मिळू लागला. हिवाळ्यात गाजर हलवा झाला. गाजर डोळ्यांना चांगलं, म्हणून वहिनी तिला वाटीभर जास्तच घालत. ती त्यातला मावा चाटून खाई आणि नाकाला चिकटलेला गाजराचा कीस आमच्या पायपुसण्याला पुसून जाई.

धारकर रोज सकाळी आठला डबा घेऊन मिलच्या गेटावर जाऊन बसत. सुरुवातीला तिथे शंभर माणसं बसायची. मग पन्नास, मग दहा. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेंपोवर गेला. धारकर घरी येऊन मांजरीला सांगत, "आज धोंडिबापण आला नाही." हाताखालची माणसं, किल्ल्या, खडूची काठी, सगळं गेलं होतं. हाताखाली उरली होती ती एकटी मुकादमीण. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज अजून स्टोअरमधला असे.

दहा-अकरा महिने सगळं ठीक चाललं. मग तिचे केस राठ होऊ लागले, डोळ्यांतून चिकट पाणी गळू लागलं, आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आधीच्या अंधुक वेळी ती खाटेच्या पायावर जाऊन आदळू लागली. ते डोळ्यांचं पाणी तिच्या गालावर सुकून खपली धरी. मी एकदा ते जवळून पाहिलं आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

धारकर तिला टोपलीत घालून पलासियात जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आधार म्हणून मला बरोबर घेतलं. त्या वर्षी इंदुरात दोन गोष्टी एकदम वाढल्या होत्या, केबल टीव्ही आणि पामेरियन कुत्री. दवाखान्यात पाच पामेरियन आणि एक मुकादमीण. डॉक्टर अमिता तरुण होत्या. घर मराठी, बोलणं निम्मं हिंदी.

"काय खिलवता हिला?"

"दूध-पोळी," धारकर अभिमानानं म्हणाले. "आणि गाजर. डोळ्यांसाठी."

"गाजर?" डॉक्टरबाई हसल्या. "काका, माणूस गाजर खातो आणि त्याच्या रंगातून ए व्हिटॅमिन आपल्या अंगात बनवतो. गाय बनवते, कुत्रापण बनवतो. बिल्लीकडे ती मशीनच नाही. तिला बना-बनाया माल लागतो, दुसऱ्या जनावराच्या अंगातला."

"म्हणजे सूतकताई खातंच नाही," धारकर म्हणाले. "तयार सूत बाहेरून मागवायचं."

"बस, तसंच. आत्तापर्यंत उंदरांतून मिळालेला माल हिच्या कलेजीत साठवलेला होता, त्यावर चाललं. आता गोदाम खाली झालंय. तुम्ही कलेजी द्या. अंगठ्याएवढा तुकडा, हप्त्यातून एकदा. इससे ज़्यादा नहीं."

अशी आमच्या जिन्यात कलेजी आली. वहिनींनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून तिचा कारभार दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत चालू झाला, म्हणजे माझ्याही दारात. बाजारातून ती धोंडिबा आणून देई. पेपरात गुंडाळलेली, पेपर लाल-काळा भिजून बातम्यांसकट तिला चिकटलेला. ती बाहेर काढली की ओल्या रबरासारखी थरथरे. जांभळी, चकचकीत, एका कडेला हिरवट डाग. खाली ठेवली की हळूहळू स्वतःच पसरू लागे, जणू तिला अजून कुठे जायचं आहे. धारकर तोंडावर दोन पदरी रुमाल बांधून, डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात लाल दोरा बांधून वेगळी केलेली कात्री घेऊन, श्वास रोखून तुकडा कापत. कात्री मिटली की 'पच्' असा आवाज येई. त्या आवाजाला धारकरांचं 'शी', त्या 'शी'ला दाराआडून माझं 'शी', आणि या सगळ्यावर मुकादमिणीचं चपचप.

दोन महिन्यांत तिचे डोळे स्वच्छ झाले. केसांवर चमक आली. संध्याकाळी ती खाटेला वळसा घालून जाऊ लागली. तिथेच थांबलं असतं तर ही गोष्ट मी लिहिली नसती.

एक दिवस पाहतो तो धारकर रोज कात्री घेऊन बसलेले. तुकडाही अंगठ्याएवढा नाही, तळहाताएवढा.

"अहो, डॉक्टरीण हप्त्यातून एकदा म्हणाली ना?" मी नाक दाबूनच विचारलं.

"ते त्यांनी कमीत कमी सांगितलं. अहो, मी स्टोअर सांभाळलंय. एक पट्टा कमी पडला आणि माग थांबला, तर मॅनेजर माझ्या नावानं शंख करायचा. पट्टे दुप्पट आहेत म्हणून कधी कुणी मला चकार शब्द बोललं नाही. माल जास्तच असावा. जास्तीच्या मालानं कुणाचं वाईट होत नाही."

बत्तीस वर्षांचा अनुभव होता, आणि समोर मांजर जिभल्या चाटत होती. पुढे-पुढे तिला कलेजीची इतकी चटक लागली, की ती दुधाकडे बघेना. वाटीवर माती उकरल्यासारखा पाय ओढून निघून जाई. असं सव्वा-दीड वर्ष चाललं. आमच्या जिन्याला तो वास असा मुरला, की माझ्याकडे येणारे पाहुणे वर येता येता विचारत, "इथे कुणी दवाखाना काढलाय का?"

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, की मुकादमीण हाक मारल्यावर मान वळवत नाही. आधी मला वाटलं, मुकादमच ती, ऐट असेल. पण ती डावीकडे पाहायचं तर ट्रकसारखी सगळीच्या सगळी डावीकडे वळे. खिडकीत उडी मारणं बंद झालं. पुढचे पाय जमिनीला जपून टेकवी. उचललं की किंचाळे. आणि मान मागे जात नाही म्हणजे मांजरीचं काय होतं, हे त्या दिवसांत आम्हाला नाकानं कळलं. तिला अंग चाटता येईना. पाठीचे केस गुठळ्या होऊन बसले, शेपटीखाली जे व्हायचं ते तसंच सुकून चिकटून राहू लागलं. तिच्या मागून माश्यांचं मंडळ चाले. ती ज्या पायपुसण्यावर बसे ते उचलायला मी काठी वापरत होतो, आणि काठी नंतर टाकून दिली.

वहिनींनी बरंच सोसलं होतं. एका सकाळी त्या ओट्याशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "अहो, ऐका. रविवारी मोहन येतोय. जाताना तुमच्या तिला मानपूरला घेऊन जाईल. त्याच्या गोदामात ढीगभर उंदीर आहेत."

मोहन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मानपूरला आग्रा-मुंबई रोडवर, अगदी रस्त्याला लागून, त्याचं धान्याचं गोदाम होतं. समोरून रात्रंदिवस ट्रक.

"उंदीर?" धारकर म्हणाले. "तिला वळून बघता येत नाही, अरुंधती. मागून ट्रक आला तर तिला दिसणार कसा?"

वहिनींनी ओटा पुसायला घेतला. त्यांनाही ते दिसत होतं. पण घरात पाय ठेवला की पदर नाकाला लावावा लागत होता, हेही खरं होतं. त्या दिवशी सोमवार होता. धारकरांच्या हातात सहा दिवस होते.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा पलासियात. डॉक्टर अमितांनी मांजरीचा एक्स-रे काढून घेतला आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. मानेचे मणके एकमेकांत वितळल्यासारखे जोडले गेले होते.

"काका, किती कलेजी दिली?"

धारकरांनी तळहात पुढे केला. "रोज."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. "मी क्या बोली थी? हे व्हिटॅमिन चरबीत घुळतं, पाण्यात नाही. पाण्यातलं असतं तर जास्तीचं सूसूतून निघून गेलं असतं. हे सगळं कलेजीत जाऊन बसतं. तिथे जागा उरली नाही की रक्तात. माणसाच्या रक्तात त्याची बंद गाडी असते, एक ठरलेलं प्रोटीन. बिल्लीच्या रक्तात पुष्कळसा माल चरबीच्या कणांवर लादून फिरतो, खुल्ला. असं दीड वर्ष चाललं की हाडं बेकाबू वाढतात."

"म्हणजे ताडपत्रीशिवायचे ट्रक," धारकर पुटपुटले. "आणि बाहेर? बाहेर कुठून जातो माल?"

"कुत्र्याच्या पेशाबमधून थोडा जातो म्हणतात. बिल्लीचा जवळजवळ नाहीच. आता कलेजी एकदम बंद. दुखण्याची दवा देते. चिकन उकडून द्या, अंडं द्या. गोदाम हळूहळू रिकामं होईल, दुखणं कमी होईल. पण जुडलेली हाडं सुटणार नाहीत. मान अशीच राहील."

येताना धारकर टेंपोत बोटांवर हिशेब करत होते. घराजवळ उतरल्यावर एकदम म्हणाले, "हे शक्य नाही. जो माल आत येतो तो कुठल्यातरी गेटनं बाहेर जातोच. नीट तपासलं पाहिजे."

तपासलं म्हणजे काय, ते मला बुधवारी कळलं. सकाळपासून धारकर जिन्यात पाटावर बसलेले. मुकादमिणीच्या खोक्यातली रेती काढून टाकलेली, जागी प्लॅस्टिकचा ट्रे. हातात औषधाचा ड्रॉपर. दोघं एकमेकांकडे पाहत होते, म्हणजे धारकर पाहत होते आणि तिला पाहणं भागच होतं, कारण तिचं तोंड त्या बाजूला होतं. साडेदहाला ती कृतार्थ झाली. मांजरीच्या लघवीचा वास ज्यांनी घेतला असेल त्यांना सांगायला नको, ज्यांनी घेतला नसेल त्यांना माझ्या शुभेच्छा. तो वास नाकातून आत शिरून डोळ्यांतून बाहेर येतो. धारकरांनी थेंब-थेंब ओढून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरली. प्रत्येक थेंबाला एक उबळ. चेहरा पिवळा, बाटलीही पिवळी.

"बघा," ते मला म्हणाले, "किती गडद आहे. जातोय माल बाहेर. डॉक्टरीणबाईंना दाखवतो."

बाटली शर्टाच्या खिशात उभी ठेवून ते टेंपोत बसले. मीही होतो, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप आहे. टेंपोत दहा माणसं कोंबलेली. पहिल्याच खड्ड्यात बाटलीचं झाकण सैल झालं.

"भिया," समोरचा माणूस म्हणाला, "ये कायकी बास आ रई है?"

"कोई मर गिया क्या अंदर?" ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं.

धारकरांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर पिवळा डाग हळूहळू मोठा होत होता. ते खोटं बोलणारे नव्हते. "सँपल है," ते म्हणाले.

"कायका सँपल?"

"बिल्ली का."

पुढच्या चौकात आम्ही दोघंच टेंपोत उरलो. धारकरांनी खिशात दोन बोटं घातली आणि आधी बाटली नव्हे, चमचा बाहेर काढला. पोह्याचा. त्यावरून ते थेंब ओघळत होते. ते चमच्याकडे इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं आता इथेच काहीतरी होणार. मग त्यांनी तो टेंपोच्या बाहेर सोडून दिला.

डॉक्टर अमितांनी उरलेली अर्धी बाटली लांबूनच पाहिली. रागावल्या नाहीत. "काका, हा रंग व्हिटॅमिनचा नाही. पेशाबचा आहे. मैंने बोला था ना, ह्या गेटनं तो माल जात नाही. तुम्ही गेट तपासताय. आवक बंद करायची होती."

धारकर बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा फिरवत होते. मग खाली बघून म्हणाले, "बाई, मिल बंद झाली ना, त्या दिवशी माझं स्टोअर छतापर्यंत भरलेलं होतं. पट्टे, बॉबिन, सगळं. पाच वर्षं पुरलं असतं. मी किल्ली देताना मॅनेजरला तेच सांगितलं, साहेब, कशाचीही कमी नाही."

डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. धारकरांनी तो न विसळता प्यायला. मला वाटतं, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गुरुवारपासून कलेजी बंद झाली. पण चिकन उकडायचं कुठे? वहिनींना विचारण्यात अर्थ नव्हता. धारकर दबकत धोंडिबाच्या घरी गेले. बत्तीस वर्षं बरोबर काम केलं, पण त्या घरात त्यांनी कधी चहा घेतला नव्हता. धोंडिबानं बोलावलं की ते म्हणत, "वासाचं जरा होतं रे मला." धोंडिबा त्यावर हसत असे. त्याची बायको मंजुळा मात्र हसत नसे.

मंजुळाबाईंनी पातेलं चढवलं. चिकनचे उरलेसुरले तुकडे, एक अंडं. फेस वर आला तसे धारकर दारापर्यंत मागे सरकले.

"बसा स्टोअरबाबू," मंजुळाबाई म्हणाल्या. "शिजायला वेळ आहे. पोहे केलेत. चमचा आणलाय का तुमचा?"

"नाही," धारकर म्हणाले. "गेला तो."

मंजुळाबाईंनी फळीवरचा चमचा उचलला, पदरानं पुसला आणि बशीत ठेवला. पदरानं! धोंडिबा सांगतो, की धारकरांनी डोळे मिटले, पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याच्या वेळी डोळे उघडून म्हणाले, "मंजुळाबाई, लिंबू आहे का?"

"बत्तीस वर्षांनी आला पाहुणा," मंजुळाबाई लिंबू चिरत म्हणाल्या, "आणि वर लिंबू मागतोय."

मुकादमिणीनं गुरुवारी चिकनला तोंड लावलं नाही, शुक्रवारीही नाही. वाटीवर पाय ओढून निघून गेली. धारकरांनी तिला समोर बसवून स्टोअरच्या आवाजात पुष्कळ सुनावलं. शनिवारी धोंडिबा आला, त्यानं वाटीत बोटं घालून तुकडे कुस्करले आणि म्हणाला, "अहो, तिची मान खाली जात नाही, वाटी खाली ठेवून काय करता? वर धरा." धारकरांनी वाटी तिच्या तोंडासमोर हातात धरली. तिनं खाल्लं. खाताना गरम लाळ आणि चिकनचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. त्यांनी वाटी सोडली नाही. नुसतं 'शी, शी, शी' चाललं होतं, जप केल्यासारखं.

खायचा प्रश्न सुटला, वासाचा राहिला. तो रविवारवर आला.

रविवारी दहा वाजता मोहन जीप घेऊन हजर. जिना चढून वर आला तो माझ्या दाराशीच थबकला. धारकर बनियनवर, पाटावर बसले होते. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर मुकादमीण पालथी. शेजारी कोमट पाण्याचं भांडं आणि कापूस. रुमाल बांधलेला नव्हता. दोन्ही हात गुंतले होते आणि तो घसरून गळ्यात आला होता. एका हातानं शेपटी वर धरून दुसऱ्या हातानं ते एकेक सुकलेली गुठळी भिजवून, बोटांनी चुरडून सोडवत होते. सगळ्या महिन्याचा मळ होता तो. ओला झाल्यावर त्याचा वास नव्यानं जिवंत झाला होता. धारकरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मध्येच उबळ येऊन खांदे हलत होते, ते तोंड फिरवून श्वास घेत आणि पुन्हा वाकत. मुकादमीण घुर्रघुर्र करत होती.

"जिजाजी?" मोहन म्हणाला. "हे... तुम्ही?"

"शी," धारकर म्हणाले. "बस. थोडंच राहिलंय."

मोहननं तोंडाला हात लावला. तो धान्याचा व्यापारी, सडलेली पोती रोज पाहणारा, पण दोन पायऱ्या खाली गेला. तिथूनच ओरडला, "ताई, पोतं दे यार एक. घालतो हिला आणि निघतो. इथे उभं राहवत नाही."

वहिनी दारात आल्या. हातात पोतं नव्हतं. दुसरं भांडं होतं, वाफ येत असलेलं. त्यांनी ते वाकून धारकरांच्या शेजारी ठेवलं आणि गार झालेलं उचललं. आतल्या पाण्याकडे नजर गेली तसं त्यांनी झटकन तोंड फिरवलं.

"मोहन, गेटपास आणलास का?"

"कसला गेटपास, ताई?"

"ह्या घरातून गेटपासाशिवाय काही बाहेर जात नाही. आणि लिहिणाऱ्याचे हात सध्या बघतोयस ना कसले आहेत ते?"

मोहननं एकदा त्या हातांकडे पाहिलं. "रहने दो," तो म्हणाला. "मला नकोच ही. उंदीर परवडले." आणि चहासुद्धा न घेता खाली उतरला.

मुकादमीण त्यानंतर चार वर्षं होती. हाक मारली की सगळीच्या सगळी वळे. दुखणं गेलं, मान आली नाही. स्वतःला चाटता आलं नाही ते शेवटपर्यंत नाहीच, म्हणून रोज सकाळी आठला, पूर्वी ज्या वेळी भोंगा व्हायचा त्या वेळी, धारकर पाटावर बसत आणि पाण्याचं भांडं वहिनी आणून ठेवत. किळस कमी झाली असं समजू नका. तेवढीच होती. मी दाराआडून ऐकत असे: 'शी'. पाण्याचा आवाज. 'शी'. पाण्याचा आवाज. मग वहिनींचं, "अहो, कानामागे राहिलंय."